दुर्गाबाई पाहायच्या कशा

आमच्या नाट्यशिबिरात मुलींना मी एक काम हमखास देते. एक जुनी अभिनेत्री निवडायची आणि तिचं काम तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत बघायचं. "ताई, नुसते गाजलेले सीन बघितले तर चालतील का?" हा प्रश्न ठरलेला. नाही चालणार. नटी कशी घडत गेली ते तुकड्यांत दिसत नाही.

पहिल्यांदाच करणार असाल तर दुर्गा खोटे घ्या. पद्मश्री, फाळके पुरस्कार वगैरे यादी आधी पाठ करू नका. ती मोबाइलवर अर्ध्या मिनिटात सापडते आणि त्यातून अभिनय काडीचा कळत नाही. एवढंच ध्यानात ठेवा: जन्म १९०५चा, माहेर मुंबईतलं सुखवस्तू लाडांचं, शिक्षण सेंट झेवियर्समध्ये. सिनेमात काम करणं हे त्या काळी अशा घरातल्या बाईचं काम समजलं जात नव्हतं. पण सासरचं वैभव ओसरलं होतं आणि पदरात दोन लहान मुलं होती.

सुरुवात 'अयोध्येचा राजा'पासून करा. १९३२ साल, प्रभात कंपनी अजून कोल्हापुरातच होती. मराठीतला हा पहिला बोलपट, आणि तो हिंदीतही केलेला. म्हणजे तारामती, राजा हरिश्चंद्राची राणी, दोन्ही भाषांत उभी करायची. पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं. नटीने कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःच गायचं आणि तेव्हाच ते ध्वनिमुद्रित व्हायचं. म्हणून आधी फक्त ऐका. संथ बोलणं, सुटे सुटे शब्द ऐकून हसू येईल, येऊ द्या. मग तोच भाग आवाज बंद करून बघा. मान आणि खांदे बघा. राणीपण दागिन्यांत किती आहे आणि उभं राहण्यात किती, ते वहीत लिहा.

त्यानंतर 'अमरज्योती' (१९३६). इथे त्या सौदामिनी आहेत, अन्यायाविरुद्ध पेटून उठून समुद्री चाच्यांची सरदारीण झालेली बाई. आणि लागलीच, मध्ये दुसरं काही न बघता, अत्र्यांचा 'पायाची दासी' (१९४१) लावा. त्यात त्या खाष्ट सासू. पस्तिशी नुकती ओलांडलेली बाई सासू करायला तयार होते, तेही गोड नव्हे, छळणारी! आजच्या नायिकेला असं विचारायला जाऊन बघा. दोन्ही भूमिकांमध्ये नजर तीच करारी आहे, फक्त ती रोखलेली कुणावर आहे ते बदलतं. माझ्या मते त्यांच्या अभिनयाची किल्ली इथे आहे. आणखी एक गोष्ट: नटनट्यांनी एकाच कंपनीत पगारी नोकरी करायचा तो जमाना, आणि बाई कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई अशी वेगवेगळ्या कंपन्यांत कामं करत होत्या.

आता खरी अडचण. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांनी 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई केली, शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्येही काम केलं. नाटक पडदा पडला की संपतं, ते आता कुठून बघणार? त्यावर मी काढलेली युक्ती अशी. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' वाचनालयातून आणा. आनंदीबाईचा एक प्रवेश निवडा. मैत्रिणीला मोकळ्या हॉलच्या शेवटच्या रांगेत बसवा आणि माइक न घेता तो मोठ्याने वाचा. तिला वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर पुन्हा. त्या लांब वाक्यांत श्वास कुठे घ्यायचा हे सापडेपर्यंत सोडू नका. घसा दुखला तर श्वास चुकतोय असं समजा आणि पाणी पिऊन परत या.

त्याच दिवशी संध्याकाळी 'मुघल-ए-आझम' (१९६०) बघा. मधुबाला नंतर, आधी जोधाबाई झालेल्या दुर्गाबाई. एकीकडे नवरा, एकीकडे मुलगा, आणि लढाईला निघालेल्या अकबराच्या हाती तलवार द्यायचा तो प्रसंग. वाक्याचा शेवट त्या कधीच खाली पाडत नाहीत. सकाळी तुमचा घसा दुखला असेल तरच हे ऐकू येईल. त्यांच्या आनंदीबाईच्या सगळ्यांत जवळ आपल्याला जाता येतं ते इथे, असं मला वाटतं. जाता जाता: इथे अकबर झालेले पृथ्वीराज कपूर १९३४च्या 'सीता'त त्यांचे राम होते.

पुढचं सोपं आहे, घरच्यांबरोबर बसून बघता येईल. 'बावर्ची'तली सून, 'बॉबी'तली आजी, आणि 'बिदाई' (१९७४), ज्यातल्या कामाबद्दल त्यांना फिल्मफेअर मिळालं. 'बॉबी'त रागावताना त्यांचा आवाज किती खाली आलाय ते तेवढं बघा. राणीचा आवाज त्यांनी घरगुती कसा केला ते कळेल.

'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र सर्वांत शेवटी वाचा. आधी वाचलंत तर पडद्यावर दुःखी बाई दिसत राहते आणि काम दिसेनासं होतं. वाचून झालं की वहीतली तारामतीची नोंद काढा, खाली जोधाबाईची लिहा, आणि दोन्ही घेऊन शिबिराला या. नेटवरून उतरवलेलं मला लगेच ओळखू येतं.