लेमन्सच्या वीकेंडची तयारी

लेमन्सच्या शर्यतीसाठी कॅलिफोर्नियातल्या थंडरहिल ट्रॅकला जायचं ठरलं की पहिली चर्चा इंजिनाची निघते, आणि तिथेच अर्धा महिना जातो. त्याआधी हा हिशेब बघा. ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ ही स्वस्त, जुन्या गाड्यांची हौशी शर्यत नावापुरतीच चोवीस तासांची. बहुतेक वेळा शनिवार-रविवार मिळून १४-१५ तास गाड्या पळतात, मधली रात्र सुट्टी. तीन मैलांच्या ट्रॅकवर आपल्या खटाऱ्याचा लॅप अडीच मिनिटांचा धरला, तर १४ तासांत ३३६ लॅप होतात. चाकाचं बेअरिंग बदलण्यात २५ मिनिटं गेली की दहा लॅप गेले. दर लॅपला तीन सेकंद वाचवून ते भरून काढायला ५०० लॅप लागतील. म्हणून या यादीत ताकद वाढवणारी एकही वस्तू नाही.

आधी कागद आणि सुरक्षा. २००६ पासूनचा मूळ नियम ५०० डॉलरच्या गाडीचा. रोलकेज (ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी पिंजरा), सीट, बेल्ट, टायर, ब्रेक त्यात धरत नाहीत. खरा पैसा तिथेच जातो. गाडीची पावती आणि काढून विकलेल्या भागांचा हिशेब फाइलला लावा, नाहीतर परीक्षक शर्यतीआधीच दंडाचे लॅप ठोकतील. त्यांच्यासाठी थोडी ‘लाच’ही न्या, गमतीचीच, चकल्या चालतील. हेल्मेटवरचं स्नेल या सुरक्षा-चाचणी संस्थेचं लेबल, बेल्टची तारीख, धडकेत मान सांभाळणारं हान्स उपकरण, आग विझवायची यंत्रणा, गाडीची वीज तोडणारा किल स्विच, बॅटरीची घट्ट पट्टी हे महिनाभर आधी तपासा. टायर १९० किंवा त्यावरच्या ट्रेडवेअरचेच (झीज सोसण्याचा टायरवरचा आकडा). रेडिएटरमध्ये साधं पाणी भरा; सांडलेलं अँटिफ्रीझ ट्रॅकवर तेलासारखं निसरडं होतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याला मनाई असते.

आता सुटे भाग, आणि इथे कंजुषी नको. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढची बेअरिंग मार खाणार हे नक्की. नुसतं बेअरिंग नेऊन उपयोग नाही, ते बसवायला प्रेस लागतो आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या आवारात, तो कुठून आणणार? भंगार यार्डातून हबसकट अख्खा नकल (चाकाचा हब ज्यात बसतो तो भाग) आणा, त्यात नवं बेअरिंग घरीच दाबून घ्या, दोन्ही बाजूंचे तयार ठेवा. एक्सल, ब्रेक पॅडचे दोन जादा सेट, ब्रेकच्या डॉट ४ ऑइलच्या सीलबंद बाटल्या, रेडिएटरचे होज, क्लॅम्प, बेल्ट, फ्युएल पंप, इग्निशन कॉइल, इंजिन ऑइल भरपूर. लांब वळणांत इंजिन ऑइल एका बाजूला सरकतं आणि ते खेचणारा पिकअप कोरडा पडतो, म्हणून प्रत्येक थांब्याला डिपस्टिक बघायचं काम एकाच माणसाकडे द्या. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळायचं काम दुसऱ्याकडे. ‘कुणीतरी बघेल’ म्हटलं की कुणीच बघत नाही, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

पेट्रोल भरताना ड्रायव्हर बाहेर, इंजिन बंद, भरणारा पूर्ण फायरसूटमध्ये, शेजारी अग्निशामक घेतलेला तसाच दुसरा, आणि तेवढा वेळ गाडीच्या दुसऱ्या कुठल्याही कामाला हात नाही. अंगणात पाण्याने भरलेला कॅन घेऊन याचा सराव करा. ड्रायव्हर बदलण्याचाही करा: उंच माणसानंतर बुटका बसणार असेल तर पाठीमागची उशी कुठे ठेवलीय हे आधीच ठरलेलं हवं.

खाण्याचं कमी सांगतो. थंडरहिल ज्या विलोज गावाजवळ आहे तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात तीन थरांचा सूट. मीठ घातलेलं कोकम सरबत, दशम्या, दही-भात, बर्फाच्या पेट्या, सावलीचा मांडव. गाडीत बसण्याच्या तासभर आधी जड जेवण नको. हेल्मेटमध्ये ओकारी म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणू नका.

रेडिओ बंद पडला तर काय, यासाठी पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘पिट’ (म्हणजे थांब्यावर आत ये) लिहून ठेवा. चारही चाकं ट्रॅकबाहेर गेली की काळा झेंडा आलाच. तेव्हा ड्रायव्हरने वाद न घालता थेट आत यायचं, हे शुक्रवारीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

शेवटचं ट्रेलरचं. त्याचं स्टेपनी, पट्टे, दिवे आणि बेअरिंगमधलं ग्रीस गाडीइतक्याच काळजीने बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात परतायला रविवारी रात्री काही तासांचा रस्ता असतो. ट्रक चालवणाऱ्याला दुपारनंतरची पाळी देऊ नका, त्याला मांडवात झोपू द्या.