एसयूव्ही ॲव्हरेज देत नाही? गॅरेज गाठण्याआधी या चुका टाळा

पंपावर नोझल खट्कन बंद होतं आणि मुलगा विचारतो, "साहेब, राउंड फिगर करू का?" आपण मान हलवतो. त्या क्षणी आपला हिशोब बिघडलेला असतो. गाडीत काय बिघडलंय हे शोधण्याआधी खरंच काही बिघडलंय का, हे आधी बघायला हवं. 'गाडी ॲव्हरेज देत नाही' या तक्रारीचा मोठा भाग मोजण्याच्या चुकीतच असतो, असं मला घरची पेट्रोल एसयूव्ही पाच वर्षं चालवून आणि दर टाकीची नोंद ठेवून ठामपणे वाटतं.

दहा लिटरवर निकाल लावू नका

समजा १३० किलोमीटर गेलात आणि १० लिटर बसलं, तर १३ चं ॲव्हरेज. पण नोझल एक लिटर आधी बंद झालं, तर तेच १४.४ दिसतं. 'राउंड फिगर'च्या नादात एक लिटर जास्त गेलं, तर ११.८. गाडी तीच, रस्ता तोच. आता ५२० किलोमीटर आणि ४० लिटर घ्या. एक लिटर जास्त गेलं तरी १३ चं १२.७ होतं, एवढंच. म्हणून टाकी पाव भागावर आल्यावर, त्याच पंपावर, पहिल्या ऑटो-कटला थांबायचं आणि सलग तीन टाक्यांची बेरीज करूनच आकडा काढायचा. डॅशबोर्डवरचा आकडा तुलनेसाठी ठीक आहे, पण तो बहुतेक गाड्यांत थोडा उदार असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो. टायरचा घेर तीन टक्क्यांनी वाढला, तर कागदावरचं ॲव्हरेज तेवढ्यानंच पडतं, इंधन एक थेंबही जास्त न जळता. त्याखेरीज जड चाकांमुळे खरोखर जास्त जळतं ते वेगळंच.

जाहिरातीतल्या आकड्याशी झगडू नका

एआरएआय, म्हणजे गाड्यांची चाचणी करून मायलेज प्रमाणित करणारी संस्था. तिचा आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या रस्त्यावरचा नसतो. ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी ठेवून होते. सगळी मिळून ११८० सेकंदांची, सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद, घाट नाही, मागच्या सीटवर आजी-आजोबा नाहीत. १७ चा दावा असलेली पेट्रोल ऑटोमॅटिक शहरात ९-१० देत असेल, तर तो बिघाड धरू नका.

त्यापेक्षा डॅशबोर्डवर ॲव्हरेजच्या शेजारी दिसणारा सरासरी वेग बघा. बहुतेक लोक त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि खरं उत्तर तिथेच असतं. हिंजवडीच्या गर्दीत बारा किलोमीटरला तास लागला आणि त्यातला अर्धा तास गाडी एसी लावून जागेवर उभी राहिली, तर न हलता अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल गेलं. एवढ्या मोठ्या गाडीचं इंजिन एसीसकट नुसतं चालू राहिलं तरी तासाला लिटरभरापर्यंत पितं. सरासरी वेग १५ च्या खाली असताना १३ चं ॲव्हरेज मागणं म्हणजे गाडीवर अन्याय. मागच्या महिन्याशी तुलना करायची तर सरासरी वेग सारखा असलेल्या टाक्यांचीच करा. स्ट्राँग हायब्रिडचं, म्हणजे इंजिनासोबत विजेच्या मोटरवरही चालणाऱ्या गाडीचं, मात्र उलटं असतं. गर्दीत ती ब्रेकची ऊर्जा बॅटरीत साठवते, त्यामुळे तिचं खरं कौशल्य शहरात दिसतं. हायवेवर सुसाट पळवून 'दाव्याइतकं देत नाही' म्हणणारे तिची परीक्षा चुकीच्या जागी घेतात.

एका बाजूच्या प्रवासावरून ठरवू नका

"पुण्याहून मुंबईला जाताना १७ दिलं हो!" असं कुणी सांगितलं, की मी येतानाचं विचारतो. खोपोली ते लोणावळा ही चढण सुमारे साडेपाचशे मीटरची आहे. पाच माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १७०० किलो समजा. एवढं वजन तेवढ्या उंचीवर उचलायला जवळजवळ एक लिटर पेट्रोल लागतं, पुढे जाण्यासाठी लागणारं वेगळं. दीडशे किलोमीटरच्या प्रवासाला दहा लिटर लागत असतील, तर त्यातला हा एक लिटर निव्वळ सह्याद्रीचा. उतरताना त्यातला काही भाग परत मिळतो, पण बराचसा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. म्हणून आकडा जाऊन-येऊन काढा. कोकणात उतरतानाचा आकडा तर कुणाला सांगूही नका.

उतारावरची दुसरी चूक याहून वाईट आहे, ती म्हणजे न्यूट्रल. कार्ब्युरेटरच्या काळातली ही सवय अजून घराघरांत शिकवली जाते. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्टर पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद करतात आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये टाकलंत, तर इंजिन स्वतः चालू राहण्यासाठी पुन्हा पेट्रोल घ्यायला लागतं. म्हणजे वाचवायला जाऊन जास्त जळतं, आणि इंजिन ब्रेकिंग गेल्यानं सगळा भार ब्रेकवर येतो. कुंभार्ली किंवा वरंधा घाटात भरल्या गाडीचे ब्रेक तापून निकामी होणं कसं असतं, ते कुणावर येऊ नये. ज्या गिअरमध्ये चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

शंभरचे एकशेवीस

एसयूव्ही उंच आणि रुंद असते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, १०० वरून १२० वर गेलात की आणखी ४४ टक्के वाढतो. टायरचं घर्षण तसं वाढत नाही, त्यामुळे एकूण खप नेमका तेवढाच वाढतो असं नाही, पण हायवेवर कल हवाच ठरवते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची परवानगी आहे म्हणून क्रूझ कंट्रोल तिथेच लावून बसणारे बरेच आहेत. हिशोब करा. शंभर किलोमीटर अंतराला १०० च्या वेगानं साठ मिनिटं लागतात, १२० नं पन्नास. या दहा मिनिटांची किंमत लिटरला शंभरच्या वर गेलेल्या पेट्रोलमध्ये मोजा. मुलं मागे झोपलेली असतील तर मी ९०-९५ वर जातो. इंजिन शांत, टायर थंड, आणि नोंदवहीत फरक स्पष्ट दिसतो.

टपावरचं कॅरिअरही याच खात्यात येतं. गणपतीला गावी जाताना लावलेलं कॅरिअर दिवाळीपर्यंत तसंच रिकामं फिरतं. काढून ठेवा.

हवा भरताना

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे असतात, नेहमीच्या भाराचा आणि पूर्ण भाराचा. पंपावरचा माणूस सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो, त्याला आपला आकडा आपण सांगायचा. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. वीस किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर मीटर तीन-चार पीएसआय जास्त दाखवू शकतो. तिथे हवा कमी केलीत, तर दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर चालतात. त्यात खप वाढतो आणि लांबच्या वेगवान प्रवासात टायर तापून फुटण्याचा धोकाही. नायट्रोजनचे पैसे मी देत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

इंधन बदललंय, हे विसरू नका

पंपावरचं पेट्रोल आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि ई२० साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के घट सांगितली होती. तेव्हा जुन्या नोंदीतला १३.५ आज १३ वर आला असेल, तर इंजिन उघडायला सांगू नका. ज्या गाडीला कंपनीनं साधं पेट्रोल सांगितलंय, तिच्यात महागडं प्रीमियम ओतूनही हा फरक भरून निघत नाही.

गाडी डिझेलची आणि बीएस६, म्हणजे नव्या प्रदूषण निकषांची असेल आणि रोजचा फेरा चार-पाच किलोमीटरचाच असेल, तर डीपीएफकडे, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरकडे लक्ष द्या. साठलेली काजळी जाळायला गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल टाकते. अशा वेळी जागेवरचा आरपीएम थोडा वाढलेला असतो, पंखा जोरात चालतो, तापल्यासारखा वास येतो. तेव्हा गाडी बंद करू नका, वीसेक मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालवा. प्रत्येक वेळी अर्ध्यावर बंद केलीत, तर ती पुन्हा पुन्हा तेच डिझेल जाळत राहते.

खरा बिघाड असेल तर

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीचं ॲव्हरेज दोन टाक्यांत १३ वरून पावणेअकरावर आलं. सरासरी वेग तोच, हवा बरोबर. वर्कशॉपमध्ये प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली. बिल झालं, आकडा हलला नाही. मग एकदा वाईहून परतताना चहाला थांबलो, तर वडील उतरून म्हणाले, "अरे, डावीकडच्या चाकाला वास येतोय बघ." मी पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात नेला. उजव्या चाकाशी नेहमीची ऊब. डाव्या चाकाशी हात क्षणभरही धरवेना, रिमवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, स्लायडिंग पिना गंजून अडकल्या होत्या, आणि तो ब्रेक दोन महिने अर्धवट दाबलेलाच होता. पिना साफ करून ग्रीस लावलं, पुढचे पॅड बदलले, आणि पुढच्याच टाकीला १२.८ दिसलं.

ही तपासणी घरीच होते. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर, शक्य तितके कमी ब्रेक मारून चालवा आणि थांबल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन तुलना करा. डिस्कला हात लावू नका. घाटातून उतरल्यावर ही चाचणी चालत नाही, तेव्हा सगळीच चाकं तापलेली असतात. एक चाक वेगळं जाणवलं, तर जॅक लावून ते हातानं फिरवून दाखवायला सांगा.

चाकं ठीक निघाली, तर तापमानाचा काटा बघा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, उघडा अडकला असेल तर इंजिन कधीच पुरतं तापत नाही, आणि थंड इंजिन समजून कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल देत राहतो. हायवेवर अर्ध्या तासानंतरही काटा नेहमीच्या जागेखाली असेल, तर वर्कशॉपमध्ये 'ॲव्हरेज कमी आहे' असं सांगू नका. 'काटा वर येत नाही, थर्मोस्टॅट बघा' असं सांगा आणि स्कॅनर लावून कूलंटचं तापमान स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.