देवळामागच्या दगडांत बाई कशी शोधायची

माझ्या माहेरी मारुतीच्या पाराला टेकून एक दगड उभा होता. त्यावर खांबातून निघालेला, कोपरात वळलेला हात, मनगटात बांगड्या, वर सूर्य-चंद्र. आशीर्वादाचा हात समजून मी परीक्षेला जाताना त्यावर डोकं टेकवायची. ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड, आहे हे कळलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती आणि पंचवीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून झाला होता. पाठ्यपुस्तकात यादवांचे राजे होते, लढाया होत्या. यादवांच्या काळातली बाई दिवसभर काय करायची, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही मुलांना सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर त्या बाईला शोधत गावोगाव हिंडून जे जमलं ते सांगते. तुमच्याही गावात हे करता येईल.

दगड शोधायचे तर गाभाऱ्यात जाऊ नका. देवळाच्या मागे जा, वेशीपाशी, जुन्या विहिरीजवळ, नदीच्या घाटावर, पिंपळाच्या पाराखाली बघा. कपडे धुवायचा दगडही उलटून बघावा. गावात ‘सतीशिळा कुठे आहे’ असं विचारलंत तर कुणी दाद देणार नाही. ‘वीराचा दगड’, ‘सतीचा हात’ म्हणा, आणि तेही म्हाताऱ्या बाईला विचारा. हळदीकुंकू तीच वाहत असते.

वेळ सकाळची किंवा उन्हं कलल्यावरची. डोक्यावर ऊन असलं की झिजलेलं कोरीवकाम सपाट दिसतं. सावलीत दगड असेल तर बॅटरी बाजूने, दगडाला जवळजवळ घासून धरा. बांगड्यांच्या रेघा एकदम उठून येतात. माती काढायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. मी एकदा अक्षरं दिसावीत म्हणून खडू फिरवला आणि एका जाणकाराच्या भरपूर शिव्या खाल्ल्या. योग्यच होत्या. खडू नको, तेल नको, तारेचा ब्रश तर नकोच. शेंदूर लावलेला असेल तर तो खरवडू नका, तो गावकऱ्यांचा देव आहे.

आता वाचायचं कसं? वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड, खालून वर वाचतात. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, कधी शेजारी गाई, म्हणजे गोधन सोडवताना तो गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरती तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. सातारा जिल्ह्यातल्या किकलीच्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात असे कितीतरी आहेत, हात बसवायला उत्तम जागा. प्रत्येक चौकटीत बायका मोजा. बहुतेक वेळा अप्सराच भरतात. बायको असलीच तर शेवटी, नवऱ्याशेजारी.

सतीच्या दगडावर हात का, तर बांगड्या दाखवायला. त्या फुटलेल्या नाहीत, म्हणजे ती सवाष्णपणी गेली असं सांगायचंय. तळहात उघडा असतो, कधी अंगठ्याच्या बेचक्यात लिंबू. पण हे दगड दिसले म्हणून घरोघर बायका सती जात होत्या असा अर्थ काढू नका. दगड घडवायला पैसा लागतो. ज्या विधवा मागे राहिल्या आणि पुढे जगल्या, त्यांना कुणी दगड उभारला नाही.

कोकणात आणि देशावरही तिसरा प्रकार भेटेल, गधेगाळ. वर सूर्य-चंद्र, मध्ये जमिनीच्या दानाचा मजकूर, खाली गाढव आणि बाई. शिलाहार-यादवांच्या काळातली ही धमकी: जो हे दान मोडील त्याच्या आईवर गाढव. मुलींच्या सहलीत हा दगड आला की शिक्षक घाईघाईने पुढे सरकतात, मीही सरकले आहे. सरकू नका. जमीन बळकावणार पुरुष आणि विटंबना त्याच्या आईची, हे मुलींना समजतं.

दगडाने एवढंच सांगितलं: ती कुणाची बायको, कुणाची आई. तिचा दिवस हवा असेल तर संध्याकाळी घरी येऊन पुस्तक उघडा. मी म्हाइंभटांच्या लीळाचरित्रापासून, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणींपासून, सुरुवात करायला सांगते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मराठी गद्य, पहिली दहा पानं जड जातात. तत्त्वज्ञान बाजूला ठेवा आणि पेन्सिल घेऊन फक्त बायकांची कामं अधोरेखित करा. बाइसा चक्रधरांच्या जेवणाखाण्याचं बघते. महदाइसा बालविधवा, पण प्रश्न विचारून भंडावते. खुद्द चक्रधर तिला जिज्ञासक, चर्चक म्हणतात. विटाळाबद्दलही त्यांचं उत्तर तिथे आहे: शरीराच्या इतर द्वारांतून स्रवतं तसंच हेही स्रवतं.

मग जनाबाई. गंगाखेडची पोर, पंढरपुरात नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटीच्या घरी दासी. तिच्या अभंगांतली कामं एका कागदावर उतरवा: दळण, कांडण, झाडलोट, पाणी, धुणं, शेण्या वेचणं. हे अभंग तोंडोतोंडी आले, भाषा वाटेत बदलली, त्यामुळे प्रत्येक शब्द तिचाच असं धरून चालू नका. कामांची यादी मात्र खोटी वाटत नाही. त्याच कागदाखाली सोयराबाई लिहा. चोखोबांची बायको, ती विचारते, देहाला विटाळ म्हणता, मग विटाळावाचून जन्मलेला देह कुठला? मध्ययुगाच्या पार शेवटी संत बहिणाबाई (1628–1700): अजाण वयात तिशीच्या बिजवराशी लग्न, कोल्हापुरात नवऱ्याचा मार, आणि हे सगळं तिने स्वतः अभंगांत सांगितलेलं. एवढं सांगणारा दगड मला अजून मिळालेला नाही.

एक काम राहिलं. गावात कुणाकडे जातं असेल तर बसा. अर्धा शेर ज्वारी घ्या, मूठ मूठ घाला, खुंटा धरा. आधी खांदा बोलतो, मग कंबर. मी दहा मिनिटांत उठले. शेजारची सत्तरीची आजी हसून म्हणाली, “बाई, गाणं म्हन की, हात आपोआप चालतोय.”

वहीत दगडाचं माप लिहा, तोंड कुठल्या दिशेला, फोटोत पट्टी ठेवा, गावकरी त्याला काय म्हणतात तेही लिहा. बाईच्या नावाची जागाही सोडा. माझ्या वहीत एकतीस सतीशिळा आहेत आणि ती जागा एकतीस वेळा कोरी आहे.