झडीच्या हंगामात सांदवाडीत मोठं कोहळं कसं पिकवावं

विदर्भात लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. पितृपक्षात भाजीला आणि गोड बोंडांना, म्हणजे तळलेल्या गोड भज्यांना, ते घरोघरी लागतं, म्हणून सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, एखादा वेल असतोच. पण हल्ली पावसाचं काही खरं राहिलं नाही. आठ-आठ दिवस झड, मग पंधरा दिवसांचा खंड, त्यावर उन्हाचा चटका. अशा वर्षी वेल हिरवागार वाढतो आणि फळं लिंबाएवढी होऊन गळतात. तरीही दहा किलोच्या आसपासचं कोहळं अशाच हंगामात निघतं, मात्र तयारी मे महिन्यापासून हवी.

ओटा आणि बी

काळी माती पाणी धरून ठेवते आणि झडीत कोहळ्याची मुळं गुदमरतात. खत कितीही घाला, बुडाशी पाणी साचलं की वेल गेला. म्हणून मेमध्येच तीन फूट रुंद आणि फूटभर उंच ओटा करा. त्यात तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं रेती आणि दोन ओंजळी चुलीतली राख मिसळा. ओट्याभोवती वीतभर खोल चर काढून त्याचं तोंड उताराकडे सोडा. वेल पसरायला एका बाजूला पंधरा फूट जागा मोकळी ठेवा.

बी शक्यतो गावातल्याच मोठ्या फळाचं घ्या. विकतचं घेणार असाल तर ‘पुसा विश्वास’चं फळ पाच किलोच्या आसपास भरतं. ‘अर्का सूर्यमुखी’ साधारण किलोभराचंच, ते या कामाचं नाही. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर 2023 मध्ये 1,247 किलोचा भोपळा तोलला गेला, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. ती ‘अटलांटिक जायंट’ जात थंड हवेतली आहे. आपल्या उन्हात तिच्यामागे लागू नये.

जूनच्या मध्यावर, दोन चांगले पाऊस झाले की ओट्यावर इंचभर खोल चार बिया टोचा. चार पानं आली की सगळ्यांत जोमदार रोप ठेवून बाकीची काढून टाका. या वयात लाल भुंगेरे पानांची चाळण करतात. भल्या सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

वेल धावू लागला की मुख्य शेंडा सरळ रेषेत न्या आणि दर दोन पेरांवर ओंजळभर माती टाका. त्या पेरांना मुळं फुटतात. पुढे बुडाला कूज लागली तरी वेल या मुळांवर तगतो. जमिनीवर कुटार (भुसा) किंवा तणस (वाळला पेंढा) चार बोटं जाड पसरा, म्हणजे खंडात काळ्या मातीला भेगा पडून मुळं तुटत नाहीत. बुडापासून वीतभर जागा मात्र उघडी ठेवा.

फूल सांभाळा

सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, म्हणून घाबरू नका. मादी फुलाच्या खाली गोटीएवढं फळ आधीच दिसतं. झडीत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, पराग भिजून निकामी होतो, आणि फळ गळण्याचं मोठं कारण हेच असतं. हे काम आपण हातानं करायचं.

संध्याकाळी वेलावर फिरून या. उद्या उमलणाऱ्या कळीचं टोक पिवळसर झालेलं असतं. अशा दोन-तीन नर कळ्या लांब देठासकट तोडून घरात पेल्यातल्या पाण्यात उभ्या करा. मादी कळीवर पळसाच्या पानाचा द्रोण उलटा ठेवून काडीनं टोचा. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान घरातली फुलं कोरड्या परागासकट उमललेली असतात. त्यांच्या पाकळ्या काढल्या की मधली पिवळी दांडी उरते, बोटाला लावली तर हळदीसारखी भुकटी लागते. ती दांडी मादी फुलाच्या मधल्या गाठीवर सगळीकडून हलकेच फिरवा. एका फुलाला दोन-तीन दांड्या लावल्या तर फळ चांगलं भरतं. मग द्रोण परत झाका. चार-पाच दिवसांत देठ जाड होऊ लागला तर फळ धरलं.

एकच फळ ठेवा

दहा-बारा पानांच्या पुढची दोन-तीन फळं धरू द्या. ती नारळाएवढी झाली की सगळ्यांत गोलसर, जाड देठाचं एक ठेवा आणि बाकीची तोडा. मन होत नाही, हे मला ठाऊक आहे. एका वर्षी मी तिन्ही ठेवली आणि एकही तीन किलोच्या वर गेलं नाही. तोडलेल्या कोवळ्या फळांची भाजी फार चांगली होते.

ठेवलेल्या फळाखाली पालथं कवेलू, म्हणजे छपराचं कौल, आणि त्यावर तणस द्या. ओल्या मातीवर टेकलेलं फळ वरून टवटवीत दिसतं आणि खालून मऊ पडतं. ते सारखं फिरवू नका, देठ मोडतो. फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते, म्हणून जुन्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा. सडकी फळं उकिरड्यावर न टाकता खोल पुरा, नाहीतर त्यातल्या अळ्यांच्या पुन्हा माश्या होतात.

खंड पडला की दर चौथ्या दिवशी बुडाशी भरपूर पाणी द्या. कोरडं ठेवून एकदम पाट सोडला तर फळ तडकतं. पानांवर भुरीचे पांढरे ठिपके दिसताच ती पानं काढा आणि एक भाग दुधात नऊ भाग पाणी घालून आठवड्यातून एकदा, उघाड असताना फवारा.

फूल धरल्यापासून साधारण पन्नास दिवसांनी देठ वाळून लाकडासारखा होतो आणि सालीत नख शिरत नाही. तेव्हा चार बोटं देठ ठेवून कापा. देठ धरून उचलू नका, दोन्ही हात खाली घाला. आठ-दहा दिवस वाऱ्याच्या जागी सावलीत ठेवून मग माळ्यावर गोणपाटावर मांडा. न खरचटलेलं कोहळं तिथे संक्रांतीपर्यंत सहज टिकतं.