डोळ्यांचं प्रेशर तपासायला जाताय? मग आधी चहा-कॉफी नको

काचबिंदूवाल्यांची (ग्लॉकोमा, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू खराब करणारा आजार) तपासणी बरेचदा सकाळी असते आणि आपल्या इंदूरात सकाळ म्हणजे पोहे-जलेबी आणि वर कडक चहा, तो घेऊन लगेच मशीनसमोर हनुवटी टेकवली की आकडा चढलेला येऊ शकतो. नॉर्मल साधारण १० ते २१ मिमी पारा, आणि काचबिंदू असेल तर कॉफीनंतर तास-दीड तास त्यात एक-दोनची भर पडू शकते. डोळ्यात टाकायचे थेंब ठरवताना डॉक्टर हा आकडाही बघतात, म्हणून एवढं सांगतेय.

१. तपासणीआधी दोन तास चहा, कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक काहीच नाही. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत नंतर जा.

२. पाणी घोट-घोट प्या. लिटरभर एका दमात प्यायलात तरी प्रेशर वाढतं, हे खूप जणांना माहीतच नसतं.

३. चहा घेतलाच असेल तर मोजणाऱ्याला कधी आणि किती घेतला ते सांगा, आणि अपॉइंटमेंट शक्यतो दर वेळी त्याच सुमाराची घ्या कारण प्रेशर दिवसभरात तसंही खालीवर होतं.

थेंब मात्र त्या दिवशीही ठरल्या वेळीच टाका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही चुकवू नका.