खेळाडूच्या स्वभावाप्रमाणे गेम बदलताय? या चुका टाळा

सुरुवातीलाच प्रश्नावली देऊ नका. ‘लढायला आवडतं की भटकायला?’ असं विचारून खेळाडूवर शिक्का मारायचा आणि पुढचा सगळा गेम त्यावर बेतायचा, हा प्रकार फार चालतो. त्यामागे बहुतेकदा गेम-अभ्यासक रिचर्ड बार्टलचा 1996चा लेख असतो. त्यात चार प्रकार आहेत: कमाईच्या मागे लागणारे, धुंडाळणारे, माणसं जोडणारे आणि इतरांना छळणारे. पण ही मांडणी मड गेमची, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायच्या, निव्वळ मजकुराच्या गेमची. तुमच्या एकट्याने खेळायच्या कोड्यांच्या गेममध्ये छळणारा छळणार कुणाला? शिवाय सोमवारी तावातावाने लढणारा माणूस रविवारी नुसता नकाशा पालथा घालतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते: कौशल्य आणि स्वभाव यांची गल्लत. खेळाडू सारखा मरतोय, म्हणून लगेच शत्रू कमी करू नका. मेल्यानंतर तो काय करतो ते लॉगमध्ये, म्हणजे गेमने ठेवलेल्या नोंदींत बघा. क्षणात त्याच जागी परत धावला, तर त्याला मजा येतेय, हात लावू नका. मेनू उघडून बसला किंवा गेमच बंद केला, तर तो वैतागलाय. आणि एकाच दरीत पुन्हा पुन्हा पडणारा कदाचित तळाशी काही दडलंय का, ते शोधत असेल!

गुपचूप बदलही अंगाशी येतात. ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये (2006) खेळाडूबरोबर शत्रूही वाढत गेले. शेवटी साधे वाटमारेसुद्धा काचेची महागडी चिलखतं घालून फिरू लागले. मग इतकी मेहनत केली कशाला, असं लोकांना वाटलं. उलट ‘हेडीज’ या गेमचा गॉड मोड, म्हणजे खेळ सोपा करणारी सोय बघा: सुरुवातीला इजेपासून 20 टक्के संरक्षण, प्रत्येक मरणागणिक 2 टक्के वाढ, कमाल 80. चालू-बंद करणं खेळाडूच्या हातात. माझ्या मते याहून प्रामाणिक उपाय नाही.

सगळं नीट करूनही गेम विचित्र वागतोय? आपल्याकडे आधी एक गोष्ट तपासा: फोन एक आणि खेळणारे दोघं. दादा लढाया मारतो, धाकटी घोडा रंगवते आणि तुमची प्रणाली दोघांची सरासरी काढून भलताच तिसरा माणूस उभा करते. वेगळी प्रोफाइल द्या. ते जमत नसेल, तर जुन्या नोंदींपेक्षा चालू डावातल्या वागण्याला जास्त वजन द्या.