कुत्र्याला घेऊन डोंगराचा फेरा

मराठवाड्यातले डोंगर फार उंच नाहीत, पण उघडे आहेत. बालाघाट घ्या नाहीतर कन्नड-सिल्लोडकडचे अजिंठ्याचे डोंगर, झाडी खोऱ्यात असते आणि माथ्यावर नुसता काळा दगड नि गवत. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड ठेवतं. त्यात मालक चालतोय तोवर दमलं तरी मागं राहत नाही. म्हणून वाट ठरवताना ऊन आणि पाणी आधी बघायचं.

सुरुवातीला पाच-सहा किलोमीटरचा फेरा पुरे: गावातून पांदणीनं गायरानात, सोंडेवरून माथ्यावर, खिंडीतून पाझर तलावाकडं आणि बांधाबांधानं घरी. चढण उत्तर किंवा पश्चिम अंगाची धरावी, हिवाळ्यात सकाळी तिथं सावली टिकते. तलाव उतरणीच्या पायथ्याशी यायला हवा. फेरा उलटा धरला तर पाणी निघाल्या-निघाल्या लागतं, तेव्हा कुत्रं पीत नाही, आणि चढ ऐन उन्हात येतो. अर्धा फेरा झाल्यावर परत फिरणंही तेवढंच लांब पडतं, म्हणून पुढं जायचं की नाही हे माथा यायच्या आधीच ठरवावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. फटफटताना निघून नऊ-साडेनऊपर्यंत गावात यावं. निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नये. पंधरा-वीस किलोच्या कुत्र्यासाठी दीड लिटर पाणी वेगळं घ्यावं आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पसरट भांड्यात थोडं थोडं पाजावं. दगडावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. हाताला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

गळपट्ट्यापेक्षा छातीचा पट्टा बरा, दोरी दोन मीटरची. शिवारात ती सोडूच नये. बिनकठड्याच्या विहिरी आहेतच, पण शेततळं त्याहून फसवं. पाणी दिसलं की कुत्रं उतरतं, आणि प्लॅस्टिकचा कागद इतका गुळगुळीत असतो की नखं रुतत नाहीत. पोहून पोहून ते थकतं आणि बुडतं. डुकरांसाठी तारेत सोडलेला करंट आणि फवारणीनंतर बांधावर पडलेले डबे हीही दोरी न सोडण्याची कारणं.

कुसळ मात्र सगळ्यात जास्त छळतं. दिवाळीनंतर गवत वाळलं की ते अंगाला चिकटतं. टोक सुईसारखं, त्यावर मागं वळलेले बारीक केस, आणि शेपटीला पीळ. ओल लागली की पीळ फिरतो आणि कुसळ आतच शिरत जातं, मागं येत नाही. आधीच पंजामधले केस कातरून घ्यावेत. वाटेत कुत्रं एकसारखं शिंकायला लागलं, कान झटकू लागलं किंवा मान एका बाजूला कलती धरली, तर नाकात नाहीतर कानात कुसळ गेलं असं समजा. काडी घालू नका, तेल ओतू नका, डॉक्टरकडंच न्या.

मेंढरांचा कळप दिसला की बाजूला होऊन कुत्र्याला बसवावं आणि लांबूनच हाक द्यावी, "मामा, कुत्रे धरा." धनगराची कुत्री राखणीची असतात, ती अंगावर येणारच. पळालात की ती मागं लागतात.

गौताळा, येडशी-रामलिंग, नायगाव ही अभयारण्यं आहेत, तिथं कुत्रं नेऊ नये. बिबट्याचा वावर असेल त्या खोऱ्यात अंधार असताना जाऊच नये, कुत्रं हे त्याचं आवडतं भक्ष्य.

हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल लटपटती, म्हणजे ऊन लागलं. लगेच सावलीत न्या, पोटावर, जांघेत आणि पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला. ओलं फडकं अंगावर पांघरून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. साप चावला तर पट्टी आवळू नका, चीर देऊ नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पण सापाच्या विषावरचं औषध (प्रतिविष) तिथं आहे का, हे फोन करून आधी विचारा.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा, कानाच्या आतली बाजू चाचपून बघा. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी, रॉकेल लावू नये. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा जेवण सुटलं तर रक्त तपासून घ्या.